तलाव चार फूट उतरला: पाणी गेलं कुठं आणि उरलेलं कधीपर्यंत पुरेल?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बालाघाटच्या माथ्यावरच्या एका गावाचा साठवण तलाव. १५ नोव्हेंबरला तळापासून ८ मीटर पाणी होतं, संक्रांतीला ते ६.७८ मीटरवर आलं. ६० दिवसांत चार फूट. गावात दोन मतं पडलीत: कुणी म्हणतं उन्हानं आटलं, कुणी म्हणतं पाळू (तलावाचा मातीचा बांध) गळतेय. घोर एकच आहे, पिण्याचं पाणी पावसाळ्यापर्यंत जाईल का आणि ते आजच कसं सांगायचं. सोबतची माहिती: पाणलोट १२ चौ. किमी, तुडुंब भरल्यावर खोली ९ मीटर, पसारा ४० हेक्टर, साठा १.२ दलघमी (दशलक्ष घनमीटर), विमोचकाचा, म्हणजे पाणी सोडायच्या दाराचा, उंबरा ३ मीटरवर, लोकसंख्या ४ हजार, जनावरं दीड हजार.

एवढ्या माहितीवर बरंच नेमकं सांगता येतं. मात्र आधी फुटांत विचार करणं सोडावं लागेल. पातळी डोळ्यांना दिसते म्हणून आपण तिच्यावर बोलतो, पण जमाखर्च होतो तो घनमीटरचा.

तलाव बशीसारखा असतो, हौदासारखा नसतो. खाली जावं तसा पसारा आवळत जातो. तुमच्या आकड्यांवरून साधारण तक्ता असा निघतो (साठा हजार घनमीटरमध्ये):

९ मीटर: पसारा ४० हेक्टर, साठा १२००
८ मीटर: ३१.६ हेक्टर, ८४३
७ मीटर: २४.२ हेक्टर, ५६५
६ मीटर: १७.८ हेक्टर, ३५६
५ मीटर: १२.३ हेक्टर, २०६
४ मीटर: ७.९ हेक्टर, १०५
३ मीटर: ४.४ हेक्टर, ४४

वरच्या एका मीटरमध्ये ३५७ हजार घनमीटर पाणी आहे आणि ५ ते ४ च्या मीटरमध्ये फक्त १०१. अर्ध्या उंचीवर पाणी आहे म्हणून गाव निर्धास्त असतं, पण साडेचार मीटरवर साठा निम्मा नसतो, आठवा हिस्सा असतो. मार्चमध्ये 'परवापर्यंत तर होतं की पाणी' असं जे ऐकू येतं, त्याचं मूळ इथं आहे. हा तक्ता तळ एकसारखा उतरता धरून काढलाय. खरा तक्ता कार्यालयात असतो: १०० हेक्टरपर्यंत सिंचन क्षमतेचा तलाव असेल तर जिल्हा परिषदेच्या लघुसिंचन विभागात, त्याहून मोठा असेल तर मृद व जलसंधारण किंवा जलसंपदा विभागात. तो मागून घ्या.

आता चार फुटांचा हिशेब. ८ मीटरला ८४३, ६.७८ मीटरला ५१३. म्हणजे ६० दिवसांत ३३० हजार घनमीटर गेलं.

उन्हानं किती नेलं? बाष्पीभवन मोजायला वेधशाळेत १.२२ मीटर व्यासाचं पसरट भांडं असतं. मराठवाड्यात त्यातून डिसेंबरात दिवसाला ४ मिमीच्या आसपास पाणी उडतं, मार्चमध्ये ८ ते ९, मे महिन्यात १० ते १४. भांडं तलावापेक्षा जास्त तापतं, म्हणून तलावासाठी हा आकडा ०.७ ने गुणतात. नोव्हेंबरात ३.४, डिसेंबरात २.८ आणि जानेवारीत ३ मिमी रोज धरलं तर ६० दिवसांत १८० मिमी. मुरण्याचे रोजचे २ मिमी धरले तर आणखी १२०. दोन्ही मिळून ३०० मिमी, बरोबर एक फूट. सरासरी २७ हेक्टर पसाऱ्यावर हे ८१ हजार घनमीटर होतं.

पिण्याचं पाणी: माणशी ५५ लिटर, जनावरामागे ५० लिटर आणि नळाच्या गळतीचा वाटा धरून दिवसाला ३५० घनमीटर. ६० दिवसांचं २१ हजार.

३३० मधून ८१ आणि २१ वजा केले की उरतात २२८ हजार, दिवसाला ३,८०० घनमीटर. हे पाणी पाळूतून गळत असतं तर पायथ्याला सेकंदाला ४४ लिटरचा ओढा वाहिला असता. तो लपत नाही. दुसरीकडे, ५ हॉर्सपॉवरची मोटार पंधरा-वीस मीटर उंचीवर सेकंदाला १० लिटर सहज उपसते. आठ तास लाईट म्हणजे २९० घनमीटर. ३,८०० ला २९० नं भागा: १३ मोटारी. एक मोटार गावाच्या रोजच्या पिण्याच्या पाण्याएवढं उचलते, आणि तेरा मोटारी काठावर कुणाच्या डोळ्यांत येत नाहीत, कारण निम्म्या काठाला खोदलेल्या विहिरींवर असतात. बुडीत क्षेत्राच्या कडेला शंभर फुटांवर विहीर, तिचं पाणी तलावाच्या पातळीखाली खेचलेलं, तर ती विहीर तलावच उपसत असते. विहीर सातबाऱ्यावर स्वतंत्र असते, पाणी नसतं.

कुणावर बोट ठेवण्याआधी मात्र मोजून बघा. त्याची सोपी रीत आहे. चार इंची पीव्हीसी पाइपचा दीड मीटरचा तुकडा घ्या, खालच्या अर्ध्या भागात खिळा तापवून दहा-बारा बारीक भोकं पाडा आणि गुडघाभर पाण्यात तो उभा पक्का रोवा. आत लाटा येत नाहीत, पाणी आरशासारखं स्थिर राहतं. आतल्या बाजूला स्टीलची मिलिमीटरची पट्टी बसवा. आता कृषी फीडरचं वेळापत्रक बघा. थ्री-फेज लाईट आल्या वेळी एक नोंद, गेल्या वेळी दुसरी, पुन्हा यायच्या आधी तिसरी. आज पसारा साधारण २२.७ हेक्टर आहे. तेरा मोटारींचा आठ तासांचा उपसा त्यावर १६ ते १७ मिमी पातळी उतरवतो. ऊन आणि पाझर मिळून चोवीस तासांत ५ मिमी. म्हणजे लाईट असताना आठ तासांत १८ मिमीच्या आसपास आणि लाईट नसताना सोळा तासांत ३ ते ४ मिमी उतार दिसला, तर शंका राहत नाही. दोन्ही वेळी तासाचा दर सारखाच निघाला, तर पाणी खालून चाललंय आणि पाळूकडे वळावं लागेल. चार-पाच दिवस सलग नोंद घ्या. एका दिवसाच्या आकड्यावर ग्रामसभा घेऊ नका. जोराच्या वाऱ्यानं एका काठाचं पाणी दुसऱ्या काठाला चढतं आणि पट्टी फसवते. सकाळी आठला, वारा पडलेला असताना घेतलेली नोंद सर्वांत भरवशाची.

पाझर वेगळा काढायचा असेल तर फीडर बिघडून दोन-तीन दिवस लाईट नसते ती संधी सोडू नका. त्या दिवसांच्या उतारातून बाष्पीभवन वजा करा, उरेल तो पाझर. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत भांड्याचे रोजचे आकडे असतात, तेवढ्यावर काम भागतं. घरचं प्लॅस्टिकचं टिप ठेवून बाष्पीभवन मोजू नका. ते उभट असतं, कडेनं तापतं आणि भलताच आकडा देतं.

रोज २ मिमी पाझर हा चांगल्या तलावाचा. तळ काळ्या पाषाणाचा असेल तर तो याहूनही कमी होतो. तळाशी भेगाळ खडक, मांजऱ्याचा (सच्छिद्र खडकाचा) मऊ थर किंवा दोन पाषाणांच्या मधला तांबडा गेरूचा पट्टा उघडा पडला असेल तर दहा-पंधरा मिमीही जाऊ शकतो. पाझर तलावाचं कामच ते आहे, तिथं तक्रार करायची नसते: तलाव डिसेंबरात कोरडा आणि खालच्या विहिरी एप्रिलपर्यंत भरलेल्या, हे त्याचं यश. साठवण तलावाचं मोजमाप निराळं.

पाळूखालची गळती मोजायला पायथ्याच्या नालीत पत्र्याची ९० अंशांची त्रिकोणी खाच बसवतात. खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची १० सेंमी असेल तर धार सेकंदाला ४.४ लिटर, दिवसाला साधारण ३७५ घनमीटर. तलाव उतरतो तशी धारही कमी होत गेली पाहिजे. पातळी उतरत असताना धार वाढली, किंवा स्वच्छ पाणी गढूळ यायला लागलं, तर पाळूच्या पोटातली माती वाहून चाललीय. तेव्हा हिशेब बाजूला ठेवा, त्याच दिवशी शाखा अभियंत्याला आणि तहसीलला कळवा आणि खालच्या वस्तीला सावध करा.

आता मुख्य प्रश्न, पुरेल का. हा हिशेब पुढून मागे करायचा नाही, मागून पुढे करायचा. शेवटची तारीख ३१ जुलै धरा. १५ जून धरणारे चुकतात, कारण मृग कोरडा गेला की आर्द्रा-पुनर्वसूतही तलावात येवा (वाहून येणारं नवं पाणी) नसतो. ३१ जुलैला पाणी विमोचकाच्या उंबऱ्यावर, ३ मीटरवर, ४४ हजार घनमीटर असावं. तिथून एकेक महिना मागे या. प्रत्येक महिन्याचं बाष्पीभवन आणि पाझर मिळून मिमीत घ्या, त्या वेळच्या सरासरी पसाऱ्यानं गुणा, त्यात पिण्याचे साडेदहा-अकरा हजार मिळवा. तोटे मी असे धरलेत: जुलै १८० मिमी, जून २४०, मे ३४४, एप्रिल २९१, मार्च २४६. मग महिन्याच्या पहिल्या तारखेला लागणारा साठा असा येतो:

१ जुलै: ६४ हजार घनमीटर, पातळी ३.४ मीटर
१ जून: ९० हजार, ३.८ मीटर
१ मे: १२९ हजार, ४.३ मीटर
१ एप्रिल: १६८ हजार, ४.७ मीटर
१ मार्च: २०७ हजार, ५.० मीटर

ही पाच पातळ्यांची यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून घ्या. मार्च ते जुलै तलावातून १६३ हजार घनमीटर जातं आणि त्यातलं गावाच्या घशाखाली उतरतं जेमतेम ५३ हजार. बाकीचं ऊन आणि जमीन नेते. उन्हाळ्यात एक घागर प्यायची तर तलावात तीन घागरी राखाव्या लागतात. 'गावाला लागतं किती, महिन्याला दहा हजार घनमीटर, मग एवढं पाणी कशाला अडवून ठेवायचं' असं म्हणणाऱ्याला हा आकडा दाखवा.

तुमची आजची स्थिती बघू. संक्रांतीला ५१३ हजार. तिथून फेब्रुवारी अखेरपर्यंत ४५ दिवस. उपसा असाच चालू राहिला तर १७० हजार, ऊन आणि पाझर ४९ हजार, पिण्याचं १६ हजार. १ मार्चला उरतील २७८ हजार, म्हणजे साडेपाच मीटर. हवे आहेत २०७. शिल्लक ७१ हजार; तेरा मोटारींना ते अठरा दिवसांचं. मार्चच्या मध्याला सगळ्या मोटारी थांबल्या तर पिण्याचं पाणी जुलैअखेर जातं. महिनाभर उशीर झाला तर त्याच तेरा मोटारी आणखी ११४ हजार ओढतात, आणि एप्रिलच्या मध्याला जिथं दीड लाख घनमीटर हवं तिथं ४० हजारही राहत नाही. एप्रिल संपायच्या आत गाव टँकरवर.

यात एक चांगली बाजू आहे आणि ती शेतकऱ्यांना आधी सांगितली पाहिजे: रब्बीचं पाणी बंद करायची गरज नाही. हरभरा, ज्वारी, गहू यांची शेवटची पाणी फेब्रुवारीत आटोपतात आणि तोवर तलाव ते देऊ शकतो. अडचण आहे ती मार्चनंतरच्या उभ्या उसाची. उन्हाळ्याच्या चार महिन्यांत पाटपाण्यावरचा एक हेक्टर ऊस १० हजार घनमीटरच्या आसपास पितो, म्हणजे चार हजारांच्या गावाचं जनावरांसह एक महिन्याचं पाणी. हा आकडा ऑक्टोबरात, खोडवा राखायचा की मोडायचा हे ठरायच्या आत लोकांपुढे आला तर उपयोग. मार्चमध्ये सांगून फक्त भांडणं होतात. म्हणूनच १५ ऑक्टोबरची पातळी महत्त्वाची: सिंचन वर्षात त्या दिवशी खरीप संपतो, रब्बी सुरू होते आणि पिण्याच्या आरक्षणाचे निर्णयही त्याच साठ्यावर होतात.

ऑक्टोबरातच एक फसगत होते. पाऊस थांबल्यावर पंधरा-वीस दिवस पातळी हलत नाही. पाणी टिकून आहे असं वाटतं, पण तेवढ्या काळात नाल्याला पाझराचा येवा चालू असतो आणि तो खर्च भरून काढत असतो. दिवाळीच्या आसपास झरे आटले की खरा उतार दिसतो. ऑक्टोबरातल्या उतारावरून उन्हाळ्याचा अंदाज बांधू नका. डिसेंबरचा उतार घ्या आणि बाष्पीभवन महिन्याप्रमाणे बदला.

पावसाळ्यातल्या चढाचा अंदाज याहून अवघड, कारण तिथं पावसाइतकीच जमिनीची स्थिती बोलते. उन्हाळ्यात भेगाळलेली काळी जमीन पहिला दीड-दोनशे मिमी पाऊस बहुतेक गिळते. कर्व्ह नंबर पद्धतीनं, म्हणजे जमिनीला क्रमांक देऊन किती पाऊस वाहून येईल ते काढायच्या रीतीनं, तुमच्याच पाणलोटाचा हिशेब केला (काळी-मध्यम जमीन, क्रमांक ८०, कोरड्यात ६४, ओल्यात ९०) तर दिवसाला ५० मिमी पावसाचे तीन वेगळे निकाल येतात. जमीन कोरडी असताना वाहून येतं ०.३ मिमी, म्हणजे साडेतीन हजार घनमीटर. जमीन मध्यम ओली असेल तर १८ मिमी, २ लाख १३ हजार. आधीच्या पाच दिवसांत भरपूर पाऊस झालेला असेल तर ३० मिमी, ३ लाख ६० हजार. तलाव ७ मीटरवर असेल तर पहिल्या पावसानं तो येव्यातून दीड सेंटिमीटरही चढत नाही, उलट तलावाच्या अंगावर पडलेल्या सरीच पाच सेंटिमीटर भर घालतात. तिसऱ्या पावसानं तो सव्वा मीटर चढून सव्वाआठवर जातो. पाऊस तोच, ५० मिमी.

म्हणून जुलैतल्या टक्क्यांवरून 'यंदा तलाव भरणार नाही' किंवा 'भरलाच' असं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्यावं. मराठवाड्यात तलाव भरतो तो बहुधा भाद्रपद-आश्विनात, उत्तरा-हस्ताच्या पावसात, कारण तोवर जमीन ओली झालेली असते. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, मांजरा कोरडं पडलं होतं. आणि त्याच वर्षी परतीच्या पावसानं मांजरा धरण भरलं. जूनपासूनच्या एकूण पावसाची टक्केवारी ही गोष्ट कधीच सांगत नाही. शेवटचे पाच दिवस आणि सरीचा जोर सांगतो. दिवसभर रिपरिप पडलेले ४० मिमी मुरतात, दीड तासात कोसळलेले ४० मिमी नाल्यानं धावतात.

हंगामाचा एकूण येवा काढायला जुना स्ट्रेंजचा तक्ता अजून कामाचा आहे. मुंबई इलाख्यातल्या पाणलोटांवरून तो बनवलेला, म्हणून आपल्या मातीला लागू पडतो. त्यात पाऊस वाढेल तसा वाहून येणाऱ्या पाण्याचा टक्काही वाढतो, आणि पाणलोट मध्यम असेल तर चांगल्याच्या पाऊणपट, वाईट असेल तर निम्मा येवा धरतात. मात्र तो तक्ता बनला तेव्हा वर शेततळी नव्हती. ३० बाय ३० बाय ३ मीटरच्या एका शेततळ्यात उतार सोडून २,२०० घनमीटर मावतं. पाणलोटात अशी ५० असतील तर १ लाख १० हजार घनमीटर, तुमच्या १२ चौ. किमीवर ९ मिमी येवा, आधी वर अडतो. नालाबंडिंग आणि समतल चर वेगळे. चांगल्या पावसाच्या वर्षी यानं फरक पडत नाही. तुटीच्या वर्षी जो काही दहा-पंधरा मिमी येवा यायचा तोच अडतो आणि तलाव रिकामा राहतो. ते पाणी वाया गेलेलं नसतं, जागा बदललेली असते, पण पिण्याची योजना तलावावर असेल तर हा आकडा धरल्याशिवाय अंदाज चुकणारच.

पाऊस तलावावरच मोजा. महावेधचं स्वयंचलित हवामान केंद्र मंडळाच्या गावी असतं, आणि आपल्याकडे बैलाच्या एका शिंगावर पाऊस पडतो, दुसऱ्यावर नाही. साधं पर्जन्यमापक झाडा-भिंतीपासून लांब बसवा, रोज सकाळी साडेआठला वाचा. शेजारच्या रकान्यात तलावाची पातळी. दोन पावसाळ्यांच्या नोंदी झाल्या की किती पावसावर किती चढ, हे तुमच्याच तलावाचं गणित हाती येतं. दीर्घ पल्ल्यासाठी तालुक्याचा २० वर्षांचा पाऊस उतरत्या क्रमानं मांडा. सोळाव्या क्रमांकाचा आकडा म्हणजे चारपैकी तीन वर्षं हमखास मिळणारा पाऊस. पिण्याची योजना त्यावर आखा, सरासरीवर नको.

नाथसागराचं गणित यात बसत नाही, आणि तरी मराठवाड्यात तलावाची चर्चा निघाली की जायकवाडी येतंच. तिथं पैठणला ऊन असताना पातळी चढते, कारण येवा नाशिक-नगरच्या धरणांतून आणि घाटमाथ्यावरून येतो. तिथं पाऊस पाहायचा नसतो, वरच्या अंगाला गोदावरीवर असलेल्या नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्याचा विसर्ग पाहायचा असतो. ११,५७४ क्युसेक (सेकंदाला घनफूट) चोवीस तास चालले की १ टीएमसी (अब्ज घनफूट), म्हणजे २८.३ दलघमी. जायकवाडीचा उपयुक्त साठा ७६.६५ टीएमसी, त्याखाली मृतसाठा सुमारे २६. भरलेला पसारा ३५० चौ. किमीच्या घरात, म्हणजे पातळीचा एक सेंटिमीटर ३.५ दलघमी. मे महिन्यात पसारा २०० चौ. किमी उरला असेल आणि रोज ९ मिमी उडत असेल तर दिवसाला १.८ दलघमी फक्त आकाशात जातं. वरच्या धरणांनी पाणी सोडायचं की नाही हेही पातळी ठरवतं: २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातल्या समन्यायी वाटपाच्या कलमावरून त्या प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशात ऑक्टोबर मध्याला जायकवाडीत ६५ टक्के साठ्याची अट आली. म्हणजे या धरणाच्या पातळीच्या अंदाजात पावसाइतकाच कागदही मोजावा लागतो.

परत तुमच्या तलावाकडे. एवढं करूनही अंदाज चुकला तर बहुतेक वेळा कारण गाळ असतो. कार्यालयातला तक्ता तलाव बांधला तेव्हाचा असतो, आणि गाळ सगळ्यात आधी खालचे तीन-चार मीटर खातो, म्हणजे नेमका मे-जूनचा साठा. कागदावर ४ मीटरला १०५ हजार आणि प्रत्यक्षात साठ, असं होऊ शकतं. हे घरबसल्या तपासता येतं. सेंटिनल-२ उपग्रहाची चित्रं साधारण पाच दिवसांआड मोफत मिळतात, त्यातला एक ठिपका १० मीटरचा. ज्या तारखेची पातळी वहीत आहे त्या तारखेचा पसारा चित्रावरून मोजा. किंवा पाणी अर्धा मीटर उतरलं की मोबाइलवर क्षेत्र मोजणारं ॲप लावून पाण्याच्या कडेकडेनं फेरी मारा. दोन पातळ्यांच्या पसाऱ्यांची सरासरी गुणिले मधली उंची म्हणजे त्या थरातलं पाणी. दहा फेऱ्यांत नवा तक्ता तयार.

गाळ काढायचा असेल तर एकच गोष्ट सांभाळा. काळा गाळ संपून खाली मुरूम किंवा तांबडा थर लागला की मशीन तिथंच थांबवा, वर हातभर गाळ राहू द्या. तो थर तलावाचं अस्तर आहे. शेतात टाकायला गाळ हवा म्हणून तळ खरवडला आणि पुढच्या वर्षी रोजचा पाझर दोनाचा दहा मिमी झाला, तर वाढलेली जागा नोव्हेंबरातच रिकामी होते. पाळूच्या पायथ्याजवळ आणि विमोचकाच्या विहिरीभोवती तर खणूच नका.

मेमध्ये पाणी खाली गेलं की मोजपट्टीचे खांब उघडे पडतात. उतारावर एकापुढे एक रोवलेले हे खांब खचतात, जनावरांच्या धक्क्यानं कलतात, आणि एका खांबावर ५.०० दिसतं तेव्हा शेजारच्यावर ४.९२. ऑटो लेव्हल (पातळी जुळवायची दुर्बीण) लावून प्रत्येक खांब सांडव्याच्या माथ्याशी जुळवून घ्या, मीटर आणि फूट यांपैकी एकच माप ठेवा, आणि पिवळ्या पट्ट्यावर काळ्या ऑइलपेंटनं आकडे पुन्हा रंगवा. हे काम रोहिणी निघायच्या आत व्हायला हवं, नंतर खांब पुन्हा पाण्यात जातात.